गंगावन उतरवलं ती दुपार

आज ट्रंक उघडली, डांबरगोळ्यांचा वास आला आणि तळाशी माझं जुनं गंगावन सापडलं. लगेच बहारीनमधल्या बुसैतीनची ती दुपार आठवली.

माझे केस जेमतेम मानेपर्यंत आणि इतके कुरळे, की आत गेलेला कंगवा आठवड्याने सापडे! मला बघायला आले तेव्हा आईने ते तेलाने चोपून त्यात गंगावन गुंफलं. कमरेखाली वीतभर वेणी पाहून त्यांनी आणि मुलगा बहारीनला सुपरवायझर आहे ऐकून आम्ही लग्न ठरवलं. बहारीनला आल्यावर सहा महिने मी झोपतानाही अंबाडा सोडला नाही. कानशिलांवर टक्कल पडू लागलं.

त्या दुपारी वाळूने आभाळ तांबडं झालं, भरदिवसा दिवे लागले. मी गंगावन ओढून गादीवर फेकलं, न्हाले आणि ठरवलं, आता हेच डोकं मिरवायचं. मग मात्र आठवलं, व्हिसा ह्यांच्या हातात. परत पाठवलं तर?

जिन्यात पावलं वाजली. हे दारातच थिजले. गंगावनाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आतून कडी लावली.

"आणखी काय काय खोटं आहे?"

"तुमचं सुपरवायझर असणं," माझ्या तोंडून निसटलं. "कंपनीची बस चालवता ना? शर्टाला रोज डिझेलचा वास येतो."

आता हसते, पण तेव्हा मी दाराच्या कडीकडेच बघत होते. तावदानं थडथडत होती. शेवटी ह्यांनी खिशातून बसची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

"केस ओले आहेत," ते म्हणाले. "पंख्याखाली बस."