किटलीतला सोडा

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुमच्यातली थोरली कुरकुरत होती. शाळेत टायट्रेशन चालू आहे, थेंब थेंब आम्ल सोडत बसायचं आणि रंग बदलला की आकडा लिहायचा, याचा कुणाला काय उपयोग, असं तिचं म्हणणं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तोवर तुमची बस आली. उत्तर थोडं लांबलचक आहे, म्हणून लिहून पाठवते. ज्यांची ही हकीकत आहे त्या तुमच्या मोठ्या आजी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, यांना आधी विचारून घेतलंय. त्या म्हणाल्या, लिही की, मी काय चोरी केलती व्हय.

मी त्यांना आक्का म्हणते. आक्का गडमुडशिंगीला शेत आणि म्हशी बघायच्या, मी कोल्हापुरात मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. तुमच्यातली धाकटी जन्मली त्या वर्षीच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी आक्कांचा फोन आला. त्यांचा आवाज एरवी फोनशिवायही आमच्या घरापर्यंत यावा असा. त्या दिवशी इतका खाली गेला होता की मला आधी वाटलं, कुणीतरी गेलं.

झालं होतं असं. गावच्या दूध संस्थेत त्यांच्या दुधात तपासणीचे थेंब टाकल्यावर दूध गुलाबी झालं. गुलाबी म्हणजे दुधात अल्कली आहे. उन्हाळ्यात दूध आंबायला लागतं, तेव्हा काही लोक त्यात चिमूटभर सोडा टाकतात. सोडा आंबटपणा मारतो आणि दूध नासलं तरी ताजं दिसतं. ही लबाडी जुनी आहे, म्हणूनच ती तपासणी. रांगेतल्या सगळ्यांसमोर आक्कांचं दूध परत केलं. रविवारच्या बैठकीत त्यांचं दूध कायमचं बंद करायचं का, ते ठरणार होतं. सासूबाईंच्या काळापासून आपल्या घरचं दूध तिथं जात होतं. दूध बंद झालं असतं तर म्हशी विकाव्या लागल्या असत्या, पण आक्कांच्या डोक्यात तेही नव्हतं. "मी घालतो व्हय सोडा दुधात?" एवढंच त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

मी दुसऱ्या दिवशी गडमुडशिंगीला गेले. दूध कसं काढता, कशात गाळता, सगळं करून दाखवा म्हटलं. आक्का चिडल्या. माझी परीक्षा घ्यायला आलीस काय, म्हणाल्या. तरी दाखवलं. किटली कशी धुता, तेही दाखवा म्हटलं. त्यांनी गरम पाण्यात धुण्याचा सोडा मूठभर कालवला, किटली आतून बाहेरून घासली आणि सोड्याच्या पाण्यासकट खुंटीला पालथी टांगली.

"आक्का, विसळली नाही?"

"आता आणि विसळायची? सोड्यानं निर्मळ केल्याली किटली परत हिरीच्या पाण्यात बाटवायची व्हय?"

संस्थेनेच महिन्यापूर्वी स्वच्छतेवर बोलायला कुणाला तरी आणलं होतं. त्यांनी सोड्यानं धुवायला सांगितलं होतं आणि आक्कांनी ते मनावर घेतलं होतं. त्यात म्हशी आटत आल्या होत्या, किटलीच्या तळाशी जेमतेम दूध. तेवढ्या दुधाला गुलाबी करायला आत वाळलेला सोडा पुरेसा होता.

मी ती वाळलेली किटली तशीच झाकण लावून कॉलेजात नेली. आत शुद्ध पाणी घालून खळबळलं, ते फ्लास्कमध्ये घेतलं, फिनॉलफ्थॅलिनचे, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणाऱ्या रंगदर्शकाचे, दोन थेंब टाकले. पाणी लगेच गुलाबी झालं.

आता थोरलीने नीट वाचावं. हे मी इंग्रजीतून शिकले आणि इंग्रजीतूनच शिकवलं, पण मला ते समजलं आपल्या घरातल्या माणसांवरून. पीएच सांगतो द्रावण किती तिखट आहे ते. अल्कलीपणा मोजायचा म्हणजे वेगळीच गोष्ट: त्याची समजूत घालायला किती आम्ल लागतं, ते मोजायचं. आक्का मोठ्यानं ओरडतात आणि एका कपभर चहावर शांत होतात. तुमचे आजोबा कधी आवाज चढवत नाहीत, पण त्यांचं मत बदलायला मला आठवडा लागतो. आवाज मोजणं निराळं आणि समजुतीला किती लागलं ते मोजणं निराळं. ब्युरेटमधून, म्हणजे खाली तोटी असलेल्या उभ्या काचेच्या नळीतून, ठरावीक ताकदीचं आम्ल थेंब थेंब सोडायचं ते याच्यासाठी. गुलाबी गेला म्हणजे संपलं असंही नाही. धुण्याच्या सोड्याचा निम्माच जोर तेव्हा उतरलेला असतो. मग मिथिल ऑरेंज हा दुसरा रंगदर्शक टाकायचा आणि पिवळ्याचा नारिंगी होईपर्यंत पुन्हा सोडत राहायचं. दोन्ही मिळून जेवढं आम्ल लागलं, तेवढा किटलीत सोडा.

तोच प्रयोग मी किटली नीट विसळून पुन्हा केला. गुलाबी रंग आलाच नाही.

मी खुशीत आक्कांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "म्हंजे सोडा व्हताच की."

माझ्या लक्षात आलं ते तेव्हा. मला पुरावा मिळाला होता, पण त्यांना रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून दुधात सोडा होता हे स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागणार होतं. नको तर मी बोलते, म्हटलं. त्या नको म्हणाल्या.

रविवारी मी ब्युरेट, स्टँड आणि बाटल्या पिशवीत घालून एसटीनं गेले. संस्थेच्या टेबलावर मांडामांड करताना मागून कुणीतरी म्हणालं, "काय वो बाई, किटलीला सलाईन लावताय काय?" सगळे हसले, सचिवही हसले. आक्का हसल्या नाहीत. त्या उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या,

"सोडा माझ्याच किटलीतला. घातला न्हाय, ऱ्हायला."

मग मी न विसळलेल्या किटलीचं पाणी दाखवलं, विसळलेलीचं दाखवलं. सचिव मान्य करेनात. दुधात टाकलेला सोडा कुठला आणि किटलीतला कुठला, हे कसं ओळखायचं, असं त्यांनी शांतपणे विचारलं. प्रश्न बरोबर होता. रंग तेवढं सांगत नाही, मी म्हटलं. तेव्हा आक्काच म्हणाल्या, मग आज आलेल्या सगळ्या बायकांच्या किटल्या बघा. सकाळचं दूध घालून, किटल्या धुऊन त्या किटल्यांसकट थेट बैठकीला आल्या होत्या. चार जणींच्या किटल्या गुलाबी निघाल्या. त्यातली एक सचिवांच्या वहिनींची होती. त्या दिराकडे बघून म्हणाल्या, "आता माझंबी बंद करा की दूध." त्यावर जो गलका झाला, त्यात बैठक कधी संपली ते कळलंच नाही. सोमवारी आक्कांचं दूध घेतलं गेलं.

फिनॉलफ्थॅलिनची एक छोटी बाटली मी तिथं ठेवून आले. संपली की भरून पाठवायचे. मी निवृत्त झाल्यापासून संस्थाच आणते.

आक्कांचे गुडघे आता धरतात, म्हशी माझ्या पुतण्याची बायको बघते. पण त्या संस्थेत अजूनही कुणाचं दूध गुलाबी झालं, तर आधी त्याच्या किटलीत पाणी खळबळून बघतात आणि मगच माणसाला काय ते विचारतात.