बाबांचा रकाना

आमच्या घरी खर्च सगळे मिळून लिहितात. मोबाइलवर एक तक्ता आहे. ज्यानं पैसे दिले त्यानं त्याच दिवशी भरायचे. भाजी, पेट्रोल, मुलीचा क्लास. रविवारी सकाळी मी बेरीज तपासते. अकोल्याला धाकट्या दिराकडे राहणारे सासरे जिन्यावरून पडले. ते घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून आम्ही त्यांना अमरावतीला आणलं. तेव्हा तक्त्यात 'बाबा' असा रकाना मी वाढवला. सगळ्यांचा होता, त्यांचाही केला.

दोन-तीन महिन्यांतच बाबा बदलले. भाजी दुसऱ्यांदा घेईनात. दुधाचा चहा सोडून कोरा सुरू केला. पायाचा व्यायाम करून घ्यायला माणूस यायचा, त्यालाही "बरा झाला पाय" म्हणून परत पाठवलं. व्यायाम थांबला तर गुडघा कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

माझा संशय जावेवर. अकोल्याचा फोन आला की बाबा गॅलरीत जायचे. मी ओले कपडे घेऊन मागे गेले की बोलणं बंद. शेवटी सरळच विचारलं, "बाबा, त्या माणसाला परत काहून पाठवलं?"

"पैसे लागते त्याले."

"ते आम्ही पाहू ना."

"तुमी पाह्यता, अन् मंग तिकडे धाडता."

"काय धाडतो?"

"माह्या खान्याचं बिल."

मी लगेच जावेला फोन लावला. ती कोरडेपणानं म्हणाली, "ताई, दर महिन्याला भाऊजींकडून तक्त्याचा फोटो येते. बाबांच्या रकान्याभोवती लाल गोल. मागच्या वेळी तं केळी बी होती. आम्हाला वाटलं, तुम्हीच काढून देता. यांनी बाबांना फोनवर वाचून दाखवलं सगळं."

जेवताना नवऱ्याला विचारलं. त्यानं ताटातून मान वर केली नाही. "त्यात काय? अर्धं अर्धं द्यायचं आमचं भावाभावात ठरलं हाये."

"बाबांना विचारलं होतं?"

"त्यायले काय विचारायचं?"

"विचार ना," बाबा आतल्या खोलीतून म्हणाले. "मी आहो अजून."

ते भिंत धरत बाहेर आले. उद्याच्या बसनं अकोल्याला जातो म्हणाले. मला तो जिना दिसला. मी मोबाइल काढून त्यांच्यासमोर तो रकाना पुसला.

"तुह्या फोनातून गेला," ते म्हणाले. "त्याच्या फोनातून?"

मी नवऱ्यापुढे हात पसरला. त्यानं फोन दिला. मी एकेक फोटो काढून टाकत होते आणि बाबा चष्मा लावून शेजारी बघत होते. मग म्हणाले, "राहतो. पन माह्या पेन्शनीतून घरात पैसे घ्यायचे. अकोल्याले काही मागायचं नाही."

"बापाकडून पैसे घ्यायचे? लोक काय म्हणतील?" नवरा.

"भावाकडून घेतले तं लोक हार घालते का तुले?"

पुढे वाद झाला नाही. त्या आठवड्यात व्यायामाचा माणूस पुन्हा आला. बाबांनी आधी फी विचारली, उशीखालून नोटा काढून त्याच्या हातात दिल्या आणि मगच पाय पुढे केला. मी दारात उभी होते.

"हे लिहू नको," ते म्हणाले.

मी मोबाइल स्वयंपाकघरात ठेवून आले. तो तिथे ठेवलेला बाबांनी वाकून पाहून घेतला.