बारशाचा पेला

“अहो, पंच कुठायत? मामलेदारांना संध्याकाळच्या आत रिपोर्ट टेबलावर हवाय!” मी भर गल्लीत ओरडलो.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. जुन्या हुबळीत दंगल होऊन महिना उलटला होता. मी महसूल खात्यात सर्कल इन्स्पेक्टर. पळून गेलेली कुटुंबं परतत होती आणि मी त्यांच्या नुकसानीचे पंचनामे करत होतो. म्हणजे जागेवर जाऊन काय जळलं, काय गेलं ते लिहायचं आणि आसपासच्या पाच जणांच्या सह्या घ्यायच्या. हेच ते पंच. त्यांच्या सहीशिवाय सरकारी मदत नाही.

शांताबाई त्याच सकाळी मिरजेहून परतल्या होत्या. नवरा शिंपी, मुलगी मंगल नऊ वर्षांची. शिलाई मशीन जळालेलं, दार मोडलेलं, स्वयंपाकघरात चमचासुद्धा नाही.

“भांडी?”

“सगळी गेली, साहेब.”

पहिला पंच सगळ्यात जवळचा शेजारी, ही माझी ठरलेली पद्धत. समोरचे अण्णा हसत पुढे आले. “बन्नी, बन्नी! या साहेब, आधी चहा घ्या. लेकरं परत आली, बरं वाटलं बघा!”

त्यांच्या कट्ट्यावर चहा आला. स्टीलचे पेले. मंगललाही एक दिला.

आपल्याकडे भांड्यांवर नाव घालतात ना? पोरीनं पेला फिरवला आणि मोठ्यानं वाचलं, “चि. मंगल हिच्या बारशाला, आत्याकडून.” मग ओरडली, “आई, माझा पेला!”

मी माझा पेला खाली ठेवला. अण्णांच्या तोंडचं पाणी पळालं. अरे, महिनाभर हा माणूस यातून चहा पीत होता!

मी उठलोच. “शांताबाई, आत्ता पोलिसांना बोलावतो.”

त्यांनी लेकीच्या हातून पेला घेतला, चहा कट्ट्याखाली ओतला, पेला पदरानं पुसून ट्रेमध्ये ठेवला.

“लिहा साहेब, भांडी कोणी नेली ठाऊक नाही.”

“पण आई...”

“गप्प बस, मंगल.” मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, “तुम्ही पाच वाजता ऑफिसात जाल. मला पोर ह्याच दारासमोर वाढवायचीय.”

मला संताप आला, त्याहून जास्त लाज वाटली. तरी लिहिलं. ‘भांडी अज्ञात इसमांनी नेली.’ खाली पहिली सही अण्णांची.

पुढं नोकरीभर मी पहिला पंच पलीकडच्या गल्लीतून आणला. आणि सह्या होईपर्यंत कुणाच्या घरचा चहा घेतला नाही.