मावशीचा नवस

खामपेंग मावशीच्या पायाला भिंगरी आहे, असं आमच्या थायलंडमधल्या लाम्पांगच्या बाजारात सगळेच म्हणतात. मी तिच्या घरासमोरच केळी तळते, त्यामुळे रोज बघते. तरुणपणी तिने सिनेमाची पोस्टरं रंगवली, पुढे देवळातली चित्रं, आणि आता गावात कोरी भिंत दिसली की तिचे हात शिवशिवतात. शाळा म्हणा, अनाथाश्रम म्हणा, फुकटात रंगवून देते आणि वर तिथल्याच लोकांना दटावते.

दरवर्षी थंडीत नदीकाठी माणसाएवढे फायबरचे हत्ती मांडतात. चित्रकार ते रंगवतात, मग लिलाव होतो आणि पैसा हत्तींच्या दवाखान्याला जातो. यंदाचा पैसा फांगच्या नकली पायासाठी होता. फांग ही मावशीच्या नवऱ्याची, इन्ताकाकांची हत्तीण. सरहद्दीच्या रानात चरताना सुरुंगावर पाय पडला आणि तो गेला. उरलेले तीन पाय तिचं वजन फार दिवस पेलणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. तेव्हापासून मावशीला घास गोड लागत नव्हता.

तिने रंगवलेला हत्ती सगळ्यात देखणा झाला. शेवटचा हात मारल्यावर तिने देवळातल्या सवयीने गुरूंचं स्मरण केलं, हत्तीच्या गळ्यात झेंडूची माळ घातली, उदबत्ती लावली आणि डबे उचलून घरी गेली. माळ तशीच राहिली.

आमच्याकडे माळ घातलेल्या हत्तीपुढून हात न जोडता कोण जाईल? सकाळी लॉटरीवालीने जोडले, तर तिची सगळी तिकिटं खपली. मग काय, एकीचं पाहून दुसरी. दुपारपर्यंत हत्तीपुढे लाल सरबताच्या बाटल्या, ऊस, केळी यांचा ढीग. खोटं कशाला बोलू, माझाही धंदा झाला.

लिलावात बाकीचे हत्ती गेले, पण तेवढ्या पैशात पाय होईना. मावशीच्या हत्तीवर तर कुणी बोलीच लावली नाही. लोकांचे नवस अडकलेला देव दिवाणखान्यात कोण नेऊन ठेवणार? मावशी मांडवभर येरझाऱ्या घालत, हा देव नाही, अजून रंगाचा वास येतोय त्याला, असं ज्याला त्याला सांगत सुटली. लोकांनी ऐकून घेतलं आणि तिलाही हात जोडले.

इन्ताकाका म्हणाले, "सांग ना, या देवाने स्वप्नात येऊन फांगसाठी पाय मागितला म्हणून. लगेच देतील."

"देवाच्या नावावर खोटं नाही बोलणार मी. तिलाच भोवेल ते."

दोन दिवस ती नुसती तळमळली. मग एक दिवस उठली, हत्ती टेम्पोत घातला आणि दवाखान्याच्या फाटकाशी नेऊन उभा केला. आता नवस फेडायला लोकांना तिथे जाणं भागच होतं. जाऊन बघतात तर आत तीन पायांवर फांग. ऊस तिला मिळू लागला, आणि दानपेटीतही लोकांनी हात आखडता घेतला नाही. पावसाळ्याआधी पाय तयार झाला.

पाय बांधला त्या दिवशी मीही गेले होते. फांग तो टेकवेचना. काका तिच्या कानाशी बोलून बोलून थकले. मावशी आत-बाहेर, आत-बाहेर करत होती. शेवटी फाटकाशी गेली आणि स्वतःच रंगवलेल्या हत्तीपुढे गुडघे टेकून बसली.

"काय गं नवस बोललीस?" मी विचारलं.

"ही चालू दे. अख्खा दिवस तुझ्यापुढे न हलता, गप्प बसून राहीन."

मला हसूच आलं. लोक डुकराचं मुंडकं बोलतात, नाच बोलतात. ही बसणं बोलली. तिला त्याहून जड काही नव्हतंच.

संध्याकाळी फांगने पाय टेकवला. चाचपडत, पण टेकवला.

नवस फेडायला मावशी पहाटेच येऊन बसली. मी मुद्दाम बघायला गेले. ओठ मिटलेले, बोटं मुठीत आवळलेली. उन्हाने हत्तीच्या कानावरचा रंग पोपडला होता. ते बघून तिचा जीव कासावीस होत होता, पण उठली नाही. तेवढ्यात फांग नव्या पायावर फिरायला निघाली. फाटकाशी थांबली, रंगीत हत्तीच्या गळ्यातली माळ सोंडेने ओढली आणि सावकाश खाऊन टाकली.

"मावशी, देवाची माळ खाल्ली बघ हिने," मी म्हटलं.

मावशी बोलली नाही. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिने हात उचलला नाही.