हे की ते

मुकादमबाईंनी उभ्या आयुष्यात कुणाला "हे काम करशील का?" असं विचारलं नाही. तो प्रश्नच त्यांना खुळचट वाटायचा. 'का' म्हटलं की समोरचा 'नाही' म्हणायला मोकळा! त्या विचारायच्या, "आधी चादरी घेतेस की आधी अभ्रे?" समोरची बाई विचारात पडायची, "अभ्रे घेते," म्हणायची आणि स्वतःच्या मर्जीने कामाला लागायची. संध्याकाळपर्यंत अभ्रेही व्हायचे आणि चादरीही.

लाँड्री मोठी होती. हॉस्पिटलांचे आणि हॉटेलांचे कपडे तिथे गाठोड्यांनी यायचे. पुढे धुलाईची यंत्रं, मध्ये वाळवण, आणि अगदी मागे, जिथे वाफेने भिंतींचे पोपडे सुटले होते, तिथे इस्त्रीच्या बायका. आधीचा मुकादम नुसता ओरडायचा. तो जितका ओरडे तितके बायकांचे हात सावकाश चालत, आणि रोज थोडी गाठोडी दुसऱ्या दिवसावर पडत. मुकादमबाई आल्या आणि ओरडा थांबला. "सुट्टी सोमवारी हवी की गुरुवारी?" असं विचारल्यावर दोन्ही दिवस मागायचं कुणाला सुचलंच नाही. गाठोडी संपू लागली. मालक खूश, मॅनेजर खूश, आणि गंमत म्हणजे बायकाही खूश. पाठीमागे त्या बाईंना 'हे-की-ते' म्हणायच्या, पण लाडाने.

ही युक्ती मूळ त्यांच्या आईची. "आधी केर काढतेस की आधी पाणी भरतेस?" असं आई विचारायची, आणि ही पोर रोज मोठ्या ऐटीत निवड करायची. खेळायला जाणं हाही एक पर्याय असू शकतो हे कळेपर्यंत तिचं लग्न झालं होतं. सासरी तिने तेच हत्यार काढलं. नवऱ्याला घर रंगवायचंच नव्हतं. त्याला विचारलं, पांढरा की फिकट पिवळा? बिचाऱ्याने आठवडाभर डोकं लढवून पिवळा निवडला. पगार झाला की प्रश्न ठरलेला: यातले बँकेत ठेवायचे की लेकीच्या नावावर? उडवायचे, हा तिसरा मार्ग त्या घरात कधी निघालाच नाही. त्यामुळे घर उभं राहिलं, लेक शिकली. आपण माणसांचं भलंच करतो, अशी मुकादमबाईंची पक्की खात्री झाली ती अशी.

इस्त्रीच्या खोलीत बुटकी होती. तिला सगळे बुटकीच म्हणायचे, आणि तीही त्या नावाला ओ द्यायची. टेबलाशी हात पुरावा म्हणून ती लाकडी खोक्यावर उभी राहून इस्त्री करायची आणि वरून सगळ्यांवर हुकूम सोडायची. मुकादमबाई आणि ती एकाच आठवड्यात कामाला लागल्या होत्या. बुटकीचा नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. जवळचं म्हणावं असं एकच माणूस, एक पुतण्या, आणि तोही स्वतःला गरज पडली की उगवणारा. मुकादमबाईंना तोंडावर 'अगं हे-की-ते' म्हणण्याची हिंमत फक्त तिची.

मग मालकाने लाँड्री विकायला काढली. जुन्या कामगारांचा हिशोब मिटवायचा होता आणि त्याचे दोन मार्ग होते. एक तर सगळी रक्कम एकदम घ्यायची, नाहीतर जिवंत असेपर्यंत दर महिन्याला थोडी थोडी. मालकाला दुसरं नको होतं. म्हाताऱ्या बायका किती जगतील याचा नेम काय? मॅनेजरने मुकादमबाईंना खुर्ची दिली. "तुम्ही नुसतं एकेकीला विचारा," तो म्हणाला. "कसं विचारायचं ते मी तुम्हाला काय शिकवणार!"

बस, एवढंच. लाच नाही, धमकी नाही. पण त्या एका वाक्याने बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि त्या विचारायला निघाल्या.

"पैसे तुझ्या हातात हवेत, की कंपनीच्याच हातात राहू देतेस?"

आता असं विचारल्यावर कोण म्हणेल, राहू दे कंपनीच्या हातात? हीच गोष्ट दुसऱ्या अंगानेही विचारता आली असती: हात चालेनासे झाल्यावरही दर महिन्याला पैसे यायला हवेत, की एकदाच घेऊन मोकळी होतेस? दोन्ही प्रश्न तितकेच खरे. बाई एक अक्षरही खोटं बोलल्या नाहीत, आणि पुढे हेच त्यांच्या घशात काट्यासारखं अडकून बसलं. खोटं बोलल्या असत्या तर निदान कबूल करायला काहीतरी असतं.

बुटकी खोक्यावरून खाली उतरली. "तू काय म्हणतेस?"

"मी काय म्हणणार? पैसे तुझे, मर्जी तुझी. तुझ्या हातात की त्यांच्या?"

"माझ्याच हातात बाई! त्यांचा काय भरवसा?" बुटकी म्हणाली आणि सही करून मोकळी झाली. एकूण एक बायकांनी तेच निवडलं.

त्या संध्याकाळी मुकादमबाईंच्या नवऱ्याने जेवताना विचारलं, "आणि तू काय घेणार?" बाईंनी त्याला आणखी भात वाढला. मग तो आपल्या साध्या डोक्याने म्हणाला, "मला एवढंच सांग, तुझे हात थकल्यावर आपण कशावर जगायचं? लेकीपुढे हात पसरायचे?"

दुसऱ्या दिवशी मुकादमबाईंनी दरमहाच्या पैशांवर सही केली. मॅनेजरने भुवई उचलली आणि कागद फायलीत घातला. सह्या बदलायची मुदत अजून संपलेली नव्हती. बाई थेट इस्त्रीच्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या. आत बुटकी खोक्यावर उभी राहून, आता छप्पर दुरुस्त करून घेणार, अशी जाहिरात करत होती आणि बाकीच्या हसत होत्या. आता खरं सांगायचं तर काल आपण काय केलं तेही सांगावं लागणार, हे मुकादमबाईंना दारातच उमगलं. त्या आल्या पावली परत फिरल्या. चूक आदल्या दिवशी झाली असेल. पाप मात्र त्या दारात झालं, असं त्या पुढे स्वतःला बजावत राहिल्या.

दर महिन्याला पैसे येत राहिले, आणि पैसे आले की बाईंचं जेवणावरचं मन उडायचं. नवऱ्याला वाटे, पित्त. बुटकीची हकिगत कानावर यायची. छप्पर झालं. उरलेले पुतण्या धंद्यासाठी घेऊन गेला आणि धंद्यासकट बुडाला. हातात पैसे दिसले की माणसं वास काढत येतात, त्यात नवल ते काय! शेवटी कळलं, की बुटकी एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत पुन्हा इस्त्रीला उभी राहिली आहे. या वयात! त्या दिवशी मुकादमबाईंना घरात बसवेना. चपला अडकवून त्या निघाल्या.

खोलीत खिडकी नव्हती. बुटकीच्या उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली होती आणि ती इस्त्री डाव्या हाताने ओढत होती. "ये गं, हे-की-ते!" ती जुन्याच सुरात म्हणाली आणि कपड्यांचा ढीग सरकवून बसायला जागा करून दिली. मुकादमबाईंना ते प्रेम सोसवेना. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग त्यांनी घाईघाईने मनातलं काढलं.

"दर महिन्याला मी तुला थोडे पैसे आणून देत जाईन. उसने म्हणून घेतेस की भेट म्हणून?"

बुटकीने इस्त्री उभी करून ठेवली. "दोन्ही नको."

आजवर त्यांना असं उत्तर कुणी दिलं नव्हतं. पुढे काय विचारायचं तेच मुकादमबाईंना सुचेना. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळू लागल्या. बुटकी त्यांच्याकडे बघत होती, रागाने नाही, एखादा डाग कशाचा असेल ते ओळखताना बघावं तशी.

"दर महिन्याला कुठून देणार गं तू? तुलाही एकदमच मिळाले होते ना?"

"नाही," मुकादमबाई म्हणाल्या. "मी दरमहाचे घेतले."

"कधी?"

"तुझ्या सहीच्या दुसऱ्या दिवशी. घरी यांनी विचारलं, हात थकल्यावर कशावर जगायचं. तेव्हा डोक्यात उजेड पडला. मी तुला सांगायला आले होते गं, दारापर्यंत आले होते..."

बुटकीने ढिगातला वरचा सदरा घेतला, टेबलावर पसरला आणि पट्टीच्या हाताने त्याची कॉलर सरळ केली.

"बरं झालं," ती म्हणाली. "तुला नीट विचारायला नवरा होता. मला तूच होतीस."

मग तिने इस्त्री उचलली, आणि मुकादमबाईंना उठावं की बसावं ते कळेना.