दोघींत एक पुस्तक

अनू, सुट्टीत कादंबरी वाचू की नाटक, असं तू काल फोनवर विचारलंस आणि मला महाडची शाळा आठवली.

आम्हाला मे महिन्यासाठी दोघींत एकच पुस्तक मिळे. माझ्या बाकावरच्या, पोलादपूरच्या सुंदरला नाटक हवं होतं. "दोघी मिळून बोलू गो. तू राजा हो." मी मात्र बाईंना दाखवायला जाड इंग्रजी कादंबरी उचलली.

"मला नाय येत गो एवढं इंग्रजी."

"शिकशील!"

अर्धी सुट्टी झाल्यावर मी कादंबरी तिला दिली. जूनमध्ये तिने ती खळीने वर्तमानपत्राचं कव्हर चिकटवून परत आणली. "छान हाय," म्हणाली.

"काय छान आहे, सांग ना!" मी वर्गासमोर विचारलं. मुली हसल्या. सुंदर दुसऱ्या बाकावर गेली, ती कायमची.

मीही वीस पानांपुढे गेले नव्हते. तिला ते कधीच सांगितलं नाही.