जाड तंगूस

कोणतीही गोष्ट जोखायचं आमच्या भावकीत एकच माप होतं, जाडी. उसाचं कांडं जाड, मोटेचा नाडा जाड, भाकरी जाड, म्हणजे उत्तम. मी त्याच भावकीतला, वर सांगलीच्या एका वर्कशॉपात फिटर. म्हणजे अडाणीपणाला पगारही सुरू झालेला.

थोरले चुलते, आमचे तात्या, फौजेतून पेन्शनीत आले ते बांबूच्या चिरफळ्या जोडून केलेली एक लवचिक काठी घेऊन. उत्तरेतल्या कुठल्याशा थंड नदीवर त्यांच्या साहेबानं त्यांना कोंबड्याच्या पिसांची खोटी माशी पाण्यावर फेकून मासे धरायला शिकवलं होतं आणि जाताना काठी देऊन टाकली होती. शिराळ्याच्या बाजूला वारणेच्या डोहावर तात्या संध्याकाळी ती माशी फेकत. जाड दोरीच्या पुढं तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा धागा, तोही निमुळता होत गेलेला, आणि शेवटचा हातभर तुकडा तर केसाएवढा.

"आवं तात्या, ह्या केसानं खडस मासा धरणार व्हय?" मी पारावर सगळ्यांदेखत विचारायचो.

"केसानं न्हाई रं, अकलेनं धरतुया. तुला न्हाई जमायचं. तू आपला नाडा वळ."

पार हसायचा. मला ते झोंबायचं.

तात्या प्रत्येक तंगूस तुळईला बांधून खाली तराजूची वजनं टांगून बघत. केसाएवढा दोन किलोला तुटे. गाठ थुंकी न लावता कोरडीच आवळली असेल तर त्याच्याही आधी. "टोक सगळ्यात कच्चं पायजे," ते सांगत. "खडकात अडकलं तर टोक जाईल, काठी ऱ्हाईल." हे मी दहादा ऐकलं. ऐकलं म्हणजे तसं तोंड केलं.

आणीबाणीच्या आदल्या उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. टोकाची गाठ दिसेना. ती बांधायचं काम त्यांनी मला दिलं. गावात एवढी माणसं असताना मला. मी सांगलीच्या बाजारातून चौपट जाड तंगूस आणून टोकाला लावला. मासा लागला की पारावर सांगायचं होतं, माझ्या जाडीनं धरला. इतकी भिकार हौस. त्यांच्या बोटांना कळलं असतं, म्हणून माशी लावलेली काठी डोहावर पोचल्यावरच त्यांच्या हातात दिली.

तिसऱ्या फेकीला माशी पाण्याखालच्या कपारीत अडकली. टोक तुटेल या भरवशावर तात्यांनी नेहमीसारखा हिसका दिला. टोक तुटलं नाही. काठी तुटली, मुठीच्या वीतभर वर.

"तंगूस कुठला लावलास?"

"तुमचाच की," मी म्हणालो.

मोडलेल्या जागेवरून त्यांनी अंगठा फिरवला. "मग माजाच हात जड झाला गड्या. कळलंच न्हाई."

तेव्हा बोलायला हवं होतं. मी दोरी गुंडाळत राहिलो, फार काळजीपूर्वक, जणू मोठं काम करतोय.

पुढं पारावर कुणी काठीचं विचारलं की ते स्वतःच सांगत, "म्हातारपणानं मोडली." लोक हसत, आणि मीही त्यांच्यात. दिवाळीनंतर मिरजेला डोळ्यांचं ऑपरेशन झालं. चष्मा लावून ते अंगणात सुईत दोरा ओवू लागले, पहिल्याच प्रयत्नात, हात जराही जड नाही. मला बोलावून दाखवलं. मी म्हणालो, वा तात्या.